तिसरा आठवडा

मिरजेच्या डॉक्टरांनी वहीत तीन रकाने आखून दिले.
पहिला आठवडा उलटीचा,
दुसरा पेशी उतरण्याचा, घरात बसायचा.
तिसऱ्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही.
हे म्हणाले, एवढा रिकामा दिसतोय पद्मल,
हा आपला.

केस गेले चौदाव्या दिवशी.
दुखलं नाही. उशीवर, मोरीच्या जाळीत,
आमटीच्या वाटीत एक लांबडा.
तो मी गुपचूप काढला. यांनी बघितलं
आणि भात कालवत राहिले.

लहानपणी समडोळीत मुनिमहाराजांचा केशलोच पाहिला होता.
राखेत बोटं बुडवून
ते उपटत होते एकेक पुंजका,
बाया णमोकार म्हणत होत्या, आई रडत होती
आणि त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.
जाऊबाई म्हणाल्या, तसंच समज.
कसं समजू?
त्यांनी सोडले होते. माझे नेले.
मला हवे होते माझे.

यांना टक्कल पस्तिशीतच.
हळदीच्या पेठेत तोलार, टाळूवर पिवळी धूळ बसायची,
हमाल म्हणायचे, सुकुमारअण्णांनी भंडारा उधळून घेतला.
आता हेच माझे मास्तर:
ऊन आधी टाळूला कळतं, मग कपाळाला.
खोबरेल दोनच थेंब, जास्त झालं तर माशी घसरती.
थंडी वरनं शिरती, मोज्याआधी टोपी.
आणि तोंड कुठवर धुवायचं ते आपलं आपण ठरवायचं,
सरकारचा काही नियम न्हाय.
मी हसले. टाके ओढले गेले.

तीस वर्षं हेल्मेट माझ्या अंबाड्याला अडायचं,
तीस वर्षं त्यावरून भांडण.
आता बसलं, नारळावर करवंटी बसावी तसं.
"बघ," हे म्हणाले,
आणि पुढचं काही सुचलं नाही त्यांना,
किक मारत राहिले.
गाडी चालूच होती.

पहिल्या तिसऱ्या आठवड्यात हरिपूर, जेमतेम चार किलोमीटर.
वारणेचं पाणी कृष्णेत शिरताना
जरा वेळ आपला रंग धरून राहतं, ते बघत बसलो.
पुढच्याला सागरेश्वर. सांबर दिसलं नाही,
त्याच्या लेंड्या दिसल्या, हे त्यावरच खूश.
एरवी कुठं गेलो होतो आम्ही?
लग्नानंतर बाहुबली, लेकीच्या बाळंतपणाला इचलकरंजी.
बाजार सुटायचा नाही, आणि सुटला तरी
दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून
चारलाच परतायची घाई.
डबा बरोबर न्यावा
हे आम्हाला इतक्या उशिरा सुचलं.

परवा दंडोबा.
वर वारा असा की बोलणं खाली भोशाला ऐकू जावं.
स्कार्फ माझा मीच सोडला, घडी करून पिशवीत ठेवला.
शेळ्यांमागचा एक पोरगा
आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिला.
"भाऊ-बहीण काय ओ?"
"न्हाय रं," हे म्हणाले, "एकाच न्हाव्याकडचं."

केसांखाली चोपन्न वर्षं ही कातडी होती,
तिला वारा ठाऊकच नव्हता.
कुठं कुठं लागतोय ते मी डोळे मिटून मोजलं,
कानावर, मागच्या खळगीत,
आणि एका जुन्या खोकेवर, जी कशाची
ते सांगायला आता आई नाही.

भीती येते की. गाडीवर आमच्या दोघांच्या मध्ये बसून येते,
डब्याच्या पिशवीला टेकून.
उतर म्हटलं तर उतरत नाही,
म्हणून आम्ही म्हणत नाही.

पर्समध्ये कंगवा अजून असतो.
सवयीनं काढला आणि हातात धरून बसले.
यांनी काही न बोलता डोकं पुढं केलं.
कानामागं उरलेली पांढरी कोर,
ती विंचरली, दोनदा.
"भांग डावीकडनं पाड," हे म्हणाले.

ऊन अजून हातभर वर होतं.
मंगळवारी चौथी सलाईन.
दशम्या मऊ राहिल्या होत्या.